सत्तावीस तासांचा दिवस

अक्षताच्या अर्थशास्त्र ऑनर्सच्या शोधनिबंधात दहिसरच्या चाळीतल्या चाळीस बायकांचा दिवस तासांत मांडला होता. एकोणचाळीस जणींना तिने विचारून लिहिलं होतं, फक्त एकीला, आईला, दिवसभर पाहून. बाकी सगळ्यांची बेरीज चोवीस झाली, आईची सत्तावीस.

"अगं, दिवसाला चोवीसच तास असतात," सर फोनवर म्हणाले. "दुरुस्त कर, नाहीतर ती ओळ काढून टाक. पाचच्या आत पेपर अपलोड व्हायला हवा."

आई उंबऱ्याशी बसून मजुरीसाठी मालाडहून आणलेले मणी माळेत ओवत होती. पायाने शेजारणीच्या बाळाचा पाळणा हलवत होती आणि कान आतल्या आजीच्या खोकल्याकडे होता.

"आई, तुझे तीन तास जास्त होतायत गं. कमी करायला सांगतायत. ओळ काढली तर तू पेपरात राहणारच नाहीस."

आईचे हात थांबले. काहीतरी चुकल्यासारखा तिचा चेहरा झाला.

"मग झोपेतले काढ ना. दुसरं कुठलं काढणार?"

झोपेच्या रकान्यात चार होते. पाचला सहा मिनिटं उरली होती. अक्षताने चाराचा एक केला.

बेरीज बरोबर आली.