पहिल्या पानावरचा फोटो

“काकू, सरांचा फोटो आपल्या साइटच्या पहिल्याच पानावर टाकलाय. श्रद्धांजली म्हणून. बघून घ्या हं,” हॉस्पिटलच्या संगणक विभागातला माणूस फोनवर उत्साहाने सांगत होता. आईने स्पीकर लावला होता.

आईला दिसत नाही. बाबांनाही दिसत नव्हतं. पडद्यावरचं सगळं फोन वाचून दाखवतो, त्यावर दोघांचं चालायचं. आईने साइट उघडून बोट फिरवलं. “चित्र,” फोन म्हणाला. मग, “बटण. बटण. बटण.” डॉक्टरांची वेळ घ्यायचं बटण त्यातलंच कुठलंतरी.

बटणांना नावं द्या, एवढंच सांगायला बाबा वर्षभर तिथे खेटे घालत होते. हॉस्पिटलवाल्यांनी दिव्यांग दिनाला बाबांना स्टेजवर बसवलं, शाल-श्रीफळ दिलं. फोटो तेव्हाचाच आहे. कॅमेरा कुठे आहे हे कुणी सांगितलं नसावं. बाबा भलतीकडेच बघून हसताहेत.

“छान केलंत,” आई म्हणाली. “पण मला हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचंय. वेळ कुठून घ्यायची?”

“एकदम सोपंय काकू. खाली निळं बटण दिसेल बघा.” मग तो चपापला. “म्हणजे... घरात दिसणारं कोणी असेल ना?”

आईने माझ्या दिशेने मान वळवली. रविवारी मी पुण्याला परत जाणार, हे तिला ठाऊक होतं.

“नाही,” ती शांतपणे म्हणाली. “इथे आम्ही दोघंच राहत होतो.”