संस्थेचा दिवा

"चहा दोनदा झाला, तरी बाई उठायचं नाव काढेनात," मंदावहिनी वेणूकाकूंच्या कानाशी कुरकुरल्या.

बाई तपासनीस होत्या. खरं-खोटं ठरवणारी 'तथ्यवेध' संस्था कुणाची बाजू तर घेत नाही ना, हे त्या काकूंच्या ओटीवर बसून गावाला विचारत होत्या. समोर संस्थेचा दिवा होता. खऱ्याला हिरवा, खोट्याला लाल. एकदा लाल लागला की त्या माणसाचा शब्द वर्षभर कुठेच खरा धरत नसत; पोटात दुखतंय म्हटलं तरी डॉक्टर आधी दिव्याकडे बघत.

गावच्या कारखान्यात गॅसगळती झालीच नाही, असा संस्थेचा निकाल होता. आज बाईंकडून संस्थेला निःपक्षतेचा दाखला मिळाला की कारखाना सोमवारी सुरू. काकूंचा धाकटा तिथेच कामाला जाणार होता. थोरल्याला तिथूनच घरी आणलं होतं, पांढऱ्या कापडात.

"निःपक्षच आहे हो," एकेक जण म्हणत गेला. दिवा हिरवाच राहिला.

"काकू, तुमचं काय म्हणणं?"

"माझा शिवदास त्या गॅसनंच गेला."

दिवा लाल झाला. मंदावहिनींनी त्यांचा हात दाबला, पण काकू थांबल्या नाहीत.

"आणि बाई, तपासायला त्यांनाच आलात, तर दिवा तरी दुसऱ्याचा आणायचात."