कपाटाचं दुसरं मत

"गठ्ठा क्रमांक सात," निवडणूक अधिकारी बाई म्हणाल्या आणि त्यांनी रबर काढलं. दोन्ही बाजूंची माणसं टेबलावर अशी वाकली की त्यांची डोकी एकमेकांवर आपटली. 'पंखा' तीन मतांनी निवडून आला होता आणि 'शिडी'नं फेरमोजणी मागितली होती. नियमाप्रमाणे बाकीच्या उमेदवारांनाही बोलावलं होतं. बाकीचे म्हणजे एकटे भाऊसाहेब. चिन्ह कपाट, मतं एक.

भाऊसाहेब डोळ्यांत तेल घालून बघत होते. निवडून यायचं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. त्यांना फक्त आणखी एक मत हवं होतं. पडलेलं एक मत तर त्यांचं स्वतःचंच. घरात मतदार दोन. मग बायकोचं मत गेलं कुठे? एवढंच त्यांना बघायचं होतं. कुठल्या तरी गठ्ठ्यात चुकून गेलं असेल, तर आज सापडेल. नाही सापडलं, तर बायको खोटं बोलली.

छत्तीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळून ते निवृत्त झाले होते. गल्लीतल्या उघड्या गटारासाठी त्यांनी सतरा अर्ज केले, तेव्हा कुणीतरी म्हणालं, मग तुम्हीच उभे राहा. राहिले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्या शेजाऱ्यांनी शब्द दिला होता. त्यांचं भाऊसाहेबांना काही वाटलं नाही. कचेरीत जन्म काढलेल्या माणसाला तोंडी आश्वासनाची किंमत ठाऊक असते. पण बायकोनंही?

"मी कपाटावरच शिक्का मारला," निकालाच्या दिवशी ती म्हणाली होती.

"मग तो कागद काय उडून गेला?"

त्यानंतर चार दिवस भाऊसाहेब तिच्याशी बोलले नव्हते. चहाचा कप समोर यायचा, रिकामा परत जायचा. पडल्या पडल्या ते जुन्या गोष्टी उकरत बसायचे. आपण बदली नाकारली तेव्हा ती खरंच खूश झाली होती का? आपले विनोद तिला आवडतात, की ती नुसतीच हसते? अडतीस वर्षांच्या संसारात उकरायला पुष्कळ सापडतं, आणि एकदा शंका शिरली की ती कशातही शिरते.

आज ती आपणहून सोबत आली होती. उमेदवाराला एक प्रतिनिधी चालतो. "माझ्या डोळ्यांदेखत मोजू दे," एवढंच बोलली आणि पर्स मांडीवर घेऊन मागच्या खुर्चीवर बसली.

गठ्ठे संपले. पंख्याचा आकडा तोच आला, शिडीचाही तोच. कपाटाचं मत कुठल्याच गठ्ठ्यात घुसलेलं नव्हतं. कपाटाचा स्वतःचा गठ्ठा म्हणजे एकच मतपत्रिका. तिला रबरसुद्धा लावलं नव्हतं. बाईंनी ती उचलून सगळ्यांना दाखवली आणि खाली ठेवली. भाऊसाहेबांना मागे वळून बघवेना.

"आता बाद मतपत्रिका. एकूण नऊ."

भाऊसाहेब टेबलाला चिकटून उभे राहिले. पहिल्या पत्रिकेवर दोन शिक्के होते. दुसरी कोरी. तिसरीवर कुणीतरी तिन्ही उमेदवारांवर फुल्या मारल्या होत्या. ती बघून शिडीवालासुद्धा हसला. चौथीवरचा शिक्का दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर पडला होता. पाचवी वर आली. शिक्का कपाटावर होता. चौकटीच्या बरोबर मधोमध, स्वच्छ, सरळ.

"ही बाद कशी?" त्यांचा आवाज चिरकला. "शिक्का तर व्यवस्थित आहे."

"शिक्का व्यवस्थित आहे, काका. पण खाली सही ठोकलीय. मतदाराची ओळख पटेल असं काही लिहिलं की मत बाद." बाईंनी पत्रिका त्यांच्यापुढे धरली. "आणि हे बघा, तारीखही घातलीय."

"कोण हा शहाणा?" पंखेवाला म्हणाला.

भाऊसाहेबांनी चष्मा सारखा केला आणि वाकून बघितलं. लपेटदार सही. शेवटच्या अक्षराची शेपटी उजवीकडे वळलेली, खाली रेघ, रेघेखाली दोन टिंबं. त्यांचीच होती. छत्तीस वर्षं त्यांनी रोज शेकडो कागदांवर हेच केलं होतं. आधी शिक्का, मग सही, मग तारीख. मतदानाच्या आडोशामागे खिशातलं पेन कधी बाहेर आलं आणि कधी परत गेलं, त्यांना आठवतही नव्हतं.

त्यांनी टेबलाचा आधार घेतला. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"काका, हरकत नोंदवायचीय का?"

"छे छे. बाद म्हणजे बादच. शंभर टक्के बाद."

ते हसत सुटले. निवडून आलेला पंखेवालाही इतका खूश दिसत नव्हता. तो जरा संशयानंच त्यांच्याकडे बघू लागला. भाऊसाहेब वळले. बायको केव्हाच उठून त्यांच्या पाठीशी येऊन उभी राहिली होती आणि त्यांच्या खांद्यावरून त्या सहीकडे बघत होती.

"चुकलं माझं," ते हळूच म्हणाले.

"अख्ख्या वॉर्डात एका माणसानं तुम्हाला मत दिलं," ती म्हणाली, "आणि चार दिवस तुम्ही नेमकं त्याच्याशीच बोलत नव्हता."