सोड

इंजिन बंद असलं की पाचही गिअर मुकाट्याने पडत होते. चालू केलं, की दुसऱ्या गिअरवर पत्र्यावर करवत ओढल्यासारखा आवाज.

"झालं समाधान?" बॉनेटवर हात ठेवून उभे असलेले बाबा म्हणाले. "दोन गॅरेजवाल्यांनी सांगितलंय. गिअरचे दाते गेलेत."

लेक दातांची डॉक्टर. दाते काय नि दात काय, कुणीतरी म्हणतंय म्हणून उपटून टाकायचे नसतात, एवढं तिला कळत होतं. पण पाच वाजता जुन्या गाड्यांचा व्यापारी ट्रक घेऊन येणार होता. गिअरबॉक्स गेला असेल तर गाडी तुमची, सुटे भाग करून विका, असा शब्द बाबांनी त्याला दिला होता. बॉक्स उघडण्याइतकी ताकद त्यांच्या बोटांत उरली नव्हती, आणि आपल्या या दोनच माणसं मावणाऱ्या, नाकाने जमीन हुंगत पळणाऱ्या लाल गाडीचं पोट परक्याने फाडलेलं त्यांना बघवलं नसतं. साडेतीन वाजले होते.

तिने दवाखान्यात विचारते तसंच विचारायला सुरुवात केली. दुखणं कधीपासूनचं? महिन्याभराचं. त्याआधी काही केलं होतं? काही नाही. अगदी काहीच नाही? बरं, क्लचचं ऑइल बदललं होतं, पण त्याचा काय संबंध, बाबा जरा घुश्शातच म्हणाले.

तिने इंजिन पुन्हा चालू केलं. क्लचचं पेडल भराभर तीनदा दाबलं, चौथ्यांदा दाबून धरलं आणि दुसरा गिअर टाकला. पडला. कुरकूरसुद्धा नाही.

बाबांनी बॉनेटवरचा हात काढला. "पुन्हा कर," ते म्हणाले.

पुन्हा पडला. म्हणजे दाते शाबूत होते. क्लच पुरता सुटत नव्हता, कारण त्याच्या नळीत हवा अडकली होती. पेडल दाबलं तरी निम्मा जोर ती हवा दाबण्यातच जात होता. पण बाबा मानायला तयार नाहीत. हवा कशी असेल? ऑइल बदललं तेव्हा तुझ्या आईला पेडलवर बसवून मी स्वतः हवा काढली, अख्खी बाटली संपवली. लेक म्हणाली, मग आणखी एक संपवू.

गाडी जॅकने उचलून लोखंडी तिवयांवर ठेवली. लेक पाना घेऊन खाली सरकली. बाबा स्टुलावर, हातात ऑइलची बाटली. आईला मटार सोलता सोलता उठवून पेडलवर बसवलं. काम तसं सोपं होतं: वरच्याने पेडल दाबून धरायचं, मग खालच्याने स्क्रू सैल करायचा, हवा बाहेर पडली की घट्ट करायचा, आणि त्यानंतरच वरच्याने पाय काढायचा.

"दाब," बाबा म्हणाले. "धर. सोड."

लेकीने स्क्रू सोडला. स्क्रूला जोडलेल्या पारदर्शक नळीतून दोन बुडबुडे बाहेर आले, क्षणभर थांबले आणि आल्या वाटेने परत गाडीत शिरले. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा ती आडवी पडल्या पडल्याच नळीकडे बघत राहिली.

"आई, तू पाय काढतेस का?"

"सोड म्हणाले. सोडला."

"अगं, तुला नाही," बाबा म्हणाले. "तिला म्हटलं. स्क्रू सोड."

आईने दारातून खाली वाकून पाहिलं. मग म्हणाली, "मागच्या महिन्यात तर ती नव्हतीच. खाली तुम्हीच होतात. तेव्हा कुणाला म्हणत होतात?"

बाबांनी बाटली खाली ठेवली. स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"हाताला," ते म्हणाले.

जन्मभर एकट्याने कामं केलेला माणूस. स्वतःच्याच हाताशी बोलायची सवय. आणि वर बायको प्रत्येक 'सोड'ला इमानाने पाय उचलत होती. अख्खी बाटली संपेपर्यंत दोघांनी मिळून गाडीत हवा भरली होती.

"इतक्या वर्षांत एकदाच तुमचं निमूट ऐकलं," आई म्हणाली, "तर हे."

गाडीखालून आधी खोकल्यासारखा आवाज आला. लेक हसत होती. पाना तिच्या छातीवर पडला तरी हसणं थांबेना. मग आई. शेवटी बाबाही, स्टूल धरून.

त्यानंतर भाषा बदलली. आईसाठी 'पाय वर', लेकीसाठी 'उघड' आणि 'बंद'. पंधराव्या खेपेला नळीत नुसतं तेल आलं, स्वच्छ, अखंड. गाडी खाली उतरवून बाबांनी इंजिन चालू केलं, एकदाच क्लच दाबला, आणि दुसरा गिअर दोन बोटांनी आत घातला. मग शेजारचं दार त्यांनी आतून ढकलून उघडलं, आणि आई, होती तशीच, आत जाऊन बसली.

व्यापारी आला तेव्हा फाटकाशी लेक एकटीच होती, कोपरापर्यंत तेलकट. बॉक्स चांगला निघाला, गाडी द्यायची नाही, असं तिने सांगितलं. तो तिला दवाखान्यामुळे ओळखत होता; पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही. पेट्रोल जाळून आलो, म्हणाला, आणि बॉक्स चांगला आहे हे कुणी ठरवलं, दातांच्या डॉक्टरांनी?

"थांबा," ती म्हणाली. "ऐका."

घरापुढचा रस्ता वळणं घेत टेकडीवर चढत होता. झाडांमागून लाल गाडीच्या इंजिनचा आवाज चढत गेला, किंचित थबकला, आणि करकर न करता खालच्या सुरात पुन्हा सुरू झाला.

"दुसरा पडला," व्यापारी म्हणाला, स्वतःशीच.

त्याने ट्रकची किल्ली खिशात टाकली आणि मान तिरकी केली. वरच्या वळणावर आवाज पुन्हा चढू लागला, आणि व्यापाऱ्याचा डावा पाय क्लचवर असल्यासारखा आपोआप मातीत दाबला गेला.