चढणीवरचा क्लच

आज शिकाऊ युनूसभाईंना चढणीवर थांबलेला ट्रक पुढे काढता आला नाही, तर शर्वरीचा शिक्षकाचा परवाना जाणार होता. शिकवायला वीस वर्षांचा अनुभव लागे. चोवीस वर्षांच्या शर्वरीने तो एका जुन्या ड्रायव्हरकडून अनुभव साठवणाऱ्या चकतीत भरून कानामागे चिकटवला होता.

ट्रक पुन्हा बंद पडला.

"मॅडम, क्लच सोडायचा कधी?"

"अहो, पायाला कळतंच की!"

"तुमच्या पायाला कळतं हो. माझा पाय अजून पहिलीत आहे."

शर्वरीच्या लक्षात आलं: चकतीत त्या ड्रायव्हरच्या शिकतानाच्या चुका नव्हत्याच, त्या कापून टाकल्या होत्या.

तिने चकती काढली आणि स्वतः स्टिअरिंगवर बसली. ट्रक गचका खाऊन बंद पडला. युनूसभाई पोट धरून हसले.

"हसा खुशाल," म्हणत तिने पुन्हा पुन्हा करून पाहिलं, आणि एकदम थांबली.

"या इकडे. क्लच हळूहळू सोडत या; इंजिनाचा आवाज जड झाला, की ब्रेक सोडा."

युनूसभाईंच्या हाती ट्रक हळूच वर चढला.