‘काउंटर बंद’ची पाटी

कोमलच्या दंडाला दोरीने अडकवलेली पाटी होती : ‘काउंटर बंद आहे’. चार काउंटरना मिळून ही एकच पाटी. ती हातात पडल्याशिवाय जागा सोडली की दुसऱ्या दिवसापासून कामावर यायचं नाही, हा कोमलचा नियम. सुपरवायझर झाल्यापासून ती मालकापेक्षा कडक झाली होती.

रविवार होता. कुसगावच्या त्या दुकानात बंगल्यांवर उतरलेली मुंबईची माणसं ट्रॉल्या भरभरून रांगेत उभी होती. तीन नंबरवरच्या तेजलने हात वर केला. तिला सातवा महिना होता.

“ताई, बाथरूमला जाऊन येऊ का? दोनच मिंटं.”

“ताई घरी. हितं मॅडम म्हणायचं. पाच गिऱ्हाइकं काढ, मग जा.”

तेजलने पाच काढली. चिप्स, कोळसा, बर्फ, पुन्हा चिप्स. पाचव्या बाईच्या हातात पिशवी देऊन तिने परत हात वर केला. कोमलने रांगेकडे पाहिलं.

“आजून पाच.”

“मॅडम, लय येळ धरून ठिवलंय. आता न्हाई व्हायचं.”

“मीबी ह्याच काउंटरला उभी व्हते, नववा लागस्तवर. मलाबी असंच तासतास थांबवलंय. मेले का मी?” कोमल हसली. तिला खरंच गंमत वाटत होती.

शेजारी दोन नंबरवर स्नेहलने सगळं ऐकलं आणि बिस्किटांचा पुडा मशीनसमोर धरला.

तेजलने आणखी दोन गिऱ्हाइकं काढली. तिसऱ्या माणसाने पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा तिच्यापुढे ठेवला. तिने त्याला हात घातला, पण उचलला नाही. काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून ती तशीच उभी राहिली. तिच्या चपलेखालून ओघळ निघाला आणि फरशीवरून रांगेकडे आला. माणसाने पाय मागे घेतला आणि मोबाइल काढून त्यात बघत राहिला.

कोमलने दंडावरची पाटी काढून तेजलपुढे ठेवली.

“घे. आता जा.”

मग रांगेकडे वळून ती गोड आवाजात म्हणाली, “सर, प्लीज दोन नंबरला या.”

माणूस गठ्ठा उचलून स्नेहलकडे आला. सकाळपासून स्नेहलला पाणी प्यायला सवड झाली नव्हती. आत्ताच कुठे तिने आपल्या बाटलीचं झाकण उघडलं होतं. तिने ते परत घट्ट लावलं आणि बाटली पायाने काउंटरखाली लोटली.