साडेसातनं गुणायचं

"सोळा?" गिरिजाबाईंनी आकडा पुन्हा वाचला. जुन्या मशीनवर नवऱ्याचं बीपी एकशेवीसच्या आसपास असायचं, आणि आज नव्या मशीनवर सोळा! हार्टअटॅकनंतर बायकोच्या आधाराशिवाय पलंगावरून न उठलेले आप्पा मात्र चहा मागत होते. जाणाऱ्या माणसाला शेवटी अशीच काहीतरी वासना होते, हे गिरिजाबाईंनी ऐकलं होतं.

"गप पडा हो!" म्हणत त्यांनी पुण्याला लेकीला फोन लावला.

"आई, रडू नकोस. चुकून बटण दाबलं गेलं असेल. ते किलोपास्कल या दुसऱ्या मापात दाखवतंय. साडेसातनं गुण, आपला नेहमीचा आकडा येईल."

फोन ठेवून त्यांनी मोठ्यानं पाढा म्हटला. "सोळा सत्ते बारोदरसे, वर सोळाचे निम्मे आठ. एकशेवीस!" पदरात तोंड खुपसून त्या हसल्या की रडल्या, कोण जाणे.

"आता तुझं बघू," आप्पा म्हणाले.

"मला काय धाड भरलीय?" म्हणत त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला.

"चोवीस!" आप्पांनी वाचलं. "इथंही माझ्यावर कडी!"

"चोवीस सत्ते अडुसष्टासे," गिरिजाबाई ठसक्यात म्हणाल्या, "वर निम्मे बारा..." आणि थांबल्या. एकशेऐंशी. परवापासून ठणकणारं डोकं त्यांना आत्ता आठवलं.

"किती गं?"

"तुमच्याएवढंच. चहा टाकते."

पाढे आप्पांनीही घोकले होते. गिरिजाबाईंनी वळून पाहिलं, तर आप्पा भिंतीला धरून उभे होते आणि पायानं चपला चाचपत होते.